शिपाई कसा भरती होतो



गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांत युक्रेन देशाचा नकाशा फळ्यावर काढून मी नीपर नदीचा ओघ दाखवीत होतों. २०२२ सालच्या २४ फेब्रुवारीस रशियाचें सैन्य त्या देशांत शिरलें, तेव्हांपासून वर्तमानपत्रांत येणारीं गांवांचीं नांवें मुलांस नकाशावर सांपडावींत, एवढाच माझा हेतु होता. इतक्यांत खालापूरकडचा एक विद्यार्थी उठला व म्हणाला, “सर, त्या लढाईंत माणसें आपण होऊन जातात, कीं त्यांना धरून नेतात?” वर्ग हंसला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण प्रश्न नेमका होता, आणि नकाशा काढणाऱ्या शिक्षकापाशीं त्याचें उत्तर तयार नव्हतें. त्या दिवशीं मीं कांहीं तरी थोडक्यांत सांगून वेळ निभावली. पुढें जें वाचलें व विचारून घेतलें, तें येथें लिहीत आहें. पालकांनींही तें वाचावें अशी विनंति आहे. कारण भरतीचा प्रश्न मुलाच्या एकट्याचा कधींच नसतो.

युक्रेनपुरतें उत्तर असें कीं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत भरतीच्या कचेऱ्यांपुढें स्वेच्छेनें आलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. आणि त्याच दिवसांत अठरा ते साठ वर्षांच्या पुरुषांस देशाबाहेर जाण्याची मनाईही झाली. युद्ध लांबत गेलें तशा त्या रांगा आटल्या. सक्तीनें बोलाविण्याचें किमान वय सत्तावीस होतें, तें २०२४ च्या एप्रिलमध्यें पंचविसावर आणलें गेलें. माणसांस रस्त्यांत अडवून गाडींत घालून नेल्याच्या तक्रारीही त्या देशांतूनच येऊं लागल्या. दुसऱ्या बाजूनें, कित्येक ब्रिगेडी आपापल्या नांवानें जाहिराती लावून उमेदवार मिळवूं लागल्या: आमच्याकडे या, कोणतें काम करणार तें तुम्हीच निवडा, आमचा सेनापति कोण आहे तें आधीं पाहून घ्या. ही युक्ति बरीच चालली असें म्हणतात. याचें कारण उघड आहे. मनुष्य मरणास भितोच. पण अनोळखी व बेफिकीर माणसाच्या हाताखालीं जाऊन फुकट मरण्यास तो अधिक भितो. त्याच एप्रिलच्या कायद्याच्या मसुद्यांत, छत्तीस महिने सेवा झालेल्या शिपायास घरीं सोडावें असें एक कलम होतें. कायदा मंजूर होण्यापूर्वीं तें गाळण्यांत आलें. तेव्हां ‘कसा गेला’ या प्रश्नामागून ‘परत केव्हां येणार’ हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर खंदकांतील शिपायासही ठाऊक नव्हतें.

परंतु हें समजून घेण्यासाठीं नीपर नदीपर्यंत जाण्याचें आपणांस कारण नाहीं. आपल्या कर्जत व खालापूर तालुक्यांच्या डोंगरांनीं शिपाई पाहिले आहेत, आणि त्यांस कसें घेतलें, काय दिलें व ते पडल्यावर त्यांच्या घराकडे कोणी पाहिलें, याच्या नोंदी आपल्या इतिहासांत आहेत. लढाईच्या दिवसाचें वर्णन सर्वांस आवडतें. भरतीच्या दिवसाचें वर्णन कोणी वाचीत नाहीं. माझें मत असें आहे कीं, पहिल्या दिवसाचा निकाल पुष्कळसा दुसऱ्या दिवशींच लागलेला असतो.

खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यानें गेल्यास डाव्या हातास सह्याद्रीची भिंत उभी दिसते. लोणावळ्याजवळील कुरवंडे गांवाहून एक जुनी घाटवाट या भिंतीवरून खालीं चावणी गांवाकडे उतरते. पायथ्याशीं अंबा नदीचें खोरें आहे, व तेथेंच उंबरखिंड. आज तेथें स्मारक उभें आहे, आणि आपल्यांपैकीं पुष्कळांनीं तें सहलीच्या वेळीं पाहिलें असेल. २ फेब्रुवारी १६६१ रोजीं या अरुंद खिंडींत शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान आपल्या मोठ्या फौजेसह अडकला. पुण्याहून घाट उतरून कोंकणांत अकस्मात् घुसावें असा त्याचा बेत होता. बरोबर अवजड सामान, घोडेस्वार, आणि माहूरची शूर सरदारीण रायबागन होती. वाट इतकी निरुंद कीं माणसांमागें माणूस चालावा. दोहों बाजूंस रान. वारा नाहीं, पाणी नाहीं. फौज खिंडीच्या पोटांत शिरेपर्यंत रानांतून एक चाहूलही आली नाहीं. मग मागचें व पुढचें अशीं दोन्ही तोंडें बंद झालीं, आणि झाडीआडून मारा सुरू झाला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत या प्रसंगाचें सविस्तर वर्णन आहे. रायबागनेनें खानास त्याच्या अविचाराबद्दल बोल लावला व शरण जाण्याचा सल्ला दिला, असें त्यांत म्हटलें आहे. खानानें तो ऐकला, खंडणी कबूल केली, व शिवाजी महाराजांनीं त्यास जिवंत जाऊं दिलें.

या लढाईंतील कोणती गोष्ट सर्वांत कठीण? तलवार चालविणें नव्हे. शेंकडों माणसांनीं रानांत तासन् तास न हालतां, न खोकतां, न बोलतां बसून राहणें ही गोष्ट कठीण. वर्गांत पन्नास मुलांस पांच मिनिटें शांत बसविणें किती अवघड असतें, हें मी जाणतों! तेथें एका माणसाचा धीर सुटला असता तर सारा बेत फसला असता. मग ही शिस्त आली कोठून?

तिचें मूळ भरतींत आहे. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें लिहिलें आहे कीं, महाराजांच्या सैन्यांत दाखल होणाऱ्या प्रत्येक नव्या माणसास आधींच चाकरींत असलेल्या माणसाचा जामीन द्यावा लागे. नुसतें ऐकावयास ही लहानशी अट वाटते. पण तिचा अर्थ पाहा. जो जामीन राहिला तो त्याच खोऱ्यांतला, बहुधा त्याच गांवचा. नवा शिपाई पळाला किंवा फितला तर जामिनाची मान खालीं जाणार, आणि दोघांचीं घरें एकाच पाणवठ्यावर पाणी भरणारीं. उलट नव्या माणसासही आपल्या शेजारीं बसलेला कोण आहे हें ठाऊक असे. अनोळखी हाताखालीं जाण्याचें जें भय युक्रेनच्या उमेदवारास वाटतें म्हणून मघाशीं सांगितलें, त्याचा बंदोबस्त येथें दारांतच झालेला होता.

पायदळाची रचनाही याच धर्तीची होती. दहा माणसांवर एक नाईक, पन्नासांवर हवालदार, शंभरांवर जुमलेदार, व हजारांवर एकहजारी. सर्वांवर सरनोबत. घोडदळांत ज्यास सरकारचा घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार. मावळे व हेटकरी यांनीं तलवार, ढाल व बंदूक आपली आणावयाची. दारूगोळा सरकारनें पुरवावयाचा. त्यांत दर नऊ-दहा माणसांमागें एकजण बंदुकीऐवजीं तिरकमठा बाळगी, असेंही डफनें नमूद केलें आहे. रात्रीच्या छाप्यांत व दबा धरून बसण्यांत बाणाचा आवाज होत नाहीं. आपल्या रानांतील कातकरी व ठाकूर बांधवांचें तिरकमठ्याचें कसब ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

पगार रोख मिळे. मावळ्यास महिना एक ते तीन होन, बारगिरास दोन ते पांच, आणि शिलेदारास स्वतःच्या घोड्याचा खर्च भागवावयाचा असल्यामुळें सहा ते बारा होन, असे डफचे आकडे आहेत. सैन्य दसऱ्यास बाहेर पडे व पावसाळ्यापूर्वीं परते. म्हणजे शिपायास आपण घरीं केव्हां येणार हें ठाऊक असे, आणि मृगाच्या पावसांत शेतावर हात लागत. लुटींतील जिन्नस सरकारजमा करावा लागे. छावणींत बायका, बटकी व कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. चिपळूणजवळील छावणींतील अधिकाऱ्यांस १६७३-७४ च्या सुमारास गेलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. घोड्यांची वैरण आतांच उधळून टाकाल तर पावसाळ्यांत घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरचें दाणे, गवत व भाजीपाला ओढूं लागाल, आणि रयत म्हणेल कीं याहून मोंगल बरे होते, असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चिलीम ओढूं नये, रात्रीं दिवा जळत ठेवूं नये, नाहीं तर उंदीर पेटती वात नेऊन आग लावील, इतक्या बारीक सूचना त्यांत आहेत. ज्या राजाचें लक्ष उंदराच्या तोंडांतील वातीकडे आहे, त्याचा शिपाई निर्धास्त असतो.

पण माझ्या मतें याहून मोठी गोष्ट सभासदानें लिहून ठेवली आहे. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जी बखर लिहिली, तींत अफझलखानाच्या प्रसंगानंतरची व्यवस्था सांगितली आहे. जे कामास आले त्यांच्या मुलांस चाकरी देऊन त्यांचें चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस निम्मे वेतन लावून दिलें. जखमींस जखम पाहून दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. इ. स. १६५९ ची ही गोष्ट आहे! त्या काळीं पडलेल्या प्यादाच्या बायकोची आठवण ठेवणारे राजे पृथ्वीवर किती होते, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं एकदां शोधून पाहावें. एक महिना व दोन होन पगाराचा मावळा उंबरखिंडींत श्वास रोखून बसला, त्याच्या मनांत घराची काळजी थोडी कमी असावी असा माझा तर्क आहे.

आपल्या खालापूर तालुक्यांतील चौक हें सरनोबत नेताजी पालकर यांचें गांव म्हणून ओळखलें जातें. त्यांची कथा सोपी नाहीं. १६६६ त ते प्रथम विजापूरकरांकडे व मग मोंगलांकडे गेले; औरंगजेबानें त्यांस धर्मांतर करावयास लावून दूर अफगाणिस्तानाकडे पाठविलें; आणि १६७६ त ते परत आले व महाराजांनीं त्यांस पुन्हां जवळ केलें. चाकरीचें नातें दोहों बाजूंनीं कसें तुटूं शकतें व पुन्हां कसें जोडलें जाऊं शकतें, याचें हें आपल्याच मातींतलें उदाहरण आहे.

पुढें मराठ्यांचें राज्य गेलें व कंपनीच्या पलटणी आल्या. आज ज्यांस मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणतात, त्या पलटणीची पहिली तुकडी १७६८ सालीं मुंबईंत उभी राहिली. तीच ‘जंगी पलटण’. पुढच्याच वर्षीं उभी राहिलेली दुसरी ‘काळी पांचवी’ म्हणून नांवाजली. भरतीचा मुख्य पुरवठा कोंकण व देशावरून होई. पूर्वींचा कुलाबा जिल्हा, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, या पुरवठ्यांत मागें नव्हता. येथें जामिनाची जागा डॉक्टराच्या तपासणीनें व अंगठ्याच्या ठशानें घेतली. मुलूखगिरी आठ महिन्यांची राहिली नाहीं. शिपाई वर्षानुवर्षें समुद्रापार जाऊं लागला, आणि त्याची घरीं आठवण राहिली ती मनिऑर्डरच्या रूपानें. पहिल्या महायुद्धांत इराकमधील कूत या गांवीं जनरल टाउनशेंडची फौज ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यांत अडकली, तींत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलें तेव्हां घोडे कापण्यांत आले; पण पुष्कळ हिंदी शिपायांनीं धर्मास्तव तें मांस बरेच दिवस घेतलें नाहीं व उपास काढले. शेवटीं सुमारें तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेंत गेले आणि त्यांतील कित्येक वाळवंटाच्या वाटेवरच मेले. ते तेथें कोणाच्या भांडणासाठीं गेले होते, हें त्यांस कोणी समजावून सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

येथपर्यंत मीं ज्यांस घेतलें त्यांच्याविषयीं लिहिलें. आतां ज्यांस घेतलें नाहीं त्यांच्याविषयीं लिहिलें पाहिजे. आणि हा भाग विद्यार्थ्यांनीं जरा सावकाश वाचावा.

कंपनीच्या मुंबईकडील सैन्यांत महार शिपायांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजीं भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीची लढाई झाली. तेथील स्तंभावर कोरलेल्या पडलेल्या शिपायांच्या नांवांत ‘नाक’ या प्रत्ययानें संपणारीं महार नांवें आजही वाचतां येतात. पलटणींत नुसता पगार नव्हता. तेथें शिपायांसाठीं व त्यांच्या मुलांसाठीं शाळा होत्या. ज्या मुलांस गांवच्या शाळेच्या ओट्यावरही बसूं देत नसत, त्यांस छावणींत पाटी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यांतील शाळेंत शिक्षक होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या छावणींत झाला, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या.

आणि नेमक्या त्याच सुमारास हें दार बंद झालें. कांहीं जाती लढाऊ व कांहीं बिनलढाऊ, असा एक सिद्धान्त इंग्रज सेनाधिकाऱ्यांनीं काढला. आणि १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महारांची भरती थांबविण्यांत आली. कोरेगांवच्या स्तंभावरील नांवें पुसलीं गेलीं नाहींत. पण त्या नांवांच्या नातवंडांस भरतीच्या मैदानावरून परत पाठविण्यांत येऊं लागलें. आपल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यांतील महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ सालीं पलटणींतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनीं १८९४ सालीं या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० सालीं पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनीं पुन्हां तीच मागणी केली. विचार करा, आपणांस मरणाच्या जागीं जाऊं द्यावें म्हणून माणसें अर्ज करीत होतीं! याचें कारण असें कीं, भरतीच्या दारांतून पगार, पेन्शन व शाळा हीं तर आंत जातातच. पण त्याच दारांतून ‘हा मनुष्य इतरांसारखाच मनुष्य आहे’ ही कबुलीही आंत जाते.

पहिल्या महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां सिद्धान्त बाजूस ठेवून १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपलें आणि १९२१ त ती मोडण्यांत आली. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण येथें जितकी बसते तितकी दुसरीकडे क्वचितच बसेल. घरीं आलेले पेन्शनर शिपाई मात्र स्वस्थ बसले नाहींत. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहांत असे लोक होते. पुढें १९४१ सालीं बाबासाहेबांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली, त्यांनीं या अन्यायाचा पाठपुरावा केला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजीं बेळगांव येथें महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगांवचा स्तंभ होता. आज त्या रेजिमेंटचें केंद्र मध्य प्रदेशांत सागर येथें आहे, व तींत सर्व प्रांतांचे व जातींचे लोक आहेत. मुंबईंत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् हे तिच्या आठव्या पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं श्रीलंकेंत पडल्यावर त्यांस परमवीरचक्र मिळालें.

आतां आपल्याच जिल्ह्यांतील दोन तरुणांची गोष्ट सांगतों. दोघेही अगदीं भिन्न दारांनीं लढाईंत गेले.

माथेरान हें कर्जत तालुक्यांतील थंड हवेचें ठिकाण. तेथें १ डिसेंबर १९१२ रोजीं एका नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, कर्जत भागांतील शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं त्यांनीं शाळा काढल्या. १९४२ च्या चळवळींत ते भूमिगत झाले व त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभा केला. या दस्त्याची भरती कशी असेल? पगार नाहीं, गणवेष नाहीं, पेन्शन नाहीं. डॉक्टरची तपासणी नाहीं, आणि पकडले गेल्यास युद्धकैद्याचा हक्कही नाहीं. होतें तें फक्त ओळखीचें तारण. म्हणजे उंबरखिंडींतलाच जामीन पुन्हां एकदां. रानांतून जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडणें हें या दस्त्याचें मुख्य काम होतें. २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे सिद्धगडच्या रानांत पोलिसांनीं त्यांस गांठलें, व त्या चकमकींत भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे दोघे पडले. कोतवालांचें वय तीस वर्षांचें होतें.

दुसरा तरुण माणगांवकडील पळसगांवचा यशवंत घाडगे. हा ब्रिटिश सरकारच्या पगारी सैन्यांत, पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजीं इटलींतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्याच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. त्याच्याखेरीज तुकडींतील सर्वजण मेले किंवा जखमी झाले. तो एकटा धांवून गेला, हातबॉम्बनें ती तोफ बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि गोळ्या भरण्यास सवड नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्यानें तुटून पडला. तीं ठाणीं त्यानें घेतलीं, पण लपलेल्या बंदूकवाल्यांनीं त्यास टिपलें. वय बावीस. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा देह सांपडला नाहीं. इटलींतील कॅसिनोच्या स्मारकावर त्याचें नांव आहे, आणि माणगांवास त्याचा पुतळा आहे.

वर्गांत मुलें विचारतात, या दोघांत मोठा कोण? एकजण सरकार उलथण्यासाठीं मेला, दुसरा त्याच सरकारच्या झेंड्याखालीं. मी या प्रश्नाचें उत्तर देत नाहीं. मी इतकेंच सांगतों कीं, दोघेही शेतकऱ्यांच्या व कष्टकऱ्यांच्या वस्तींतून गेले, दोघांसही कोणी दोरी बांधून नेलें नाहीं, आणि आपण कोणत्या माणसांबरोबर उभे आहों हें दोघांसही ठाऊक होतें. घाडग्यानें आपल्या पडलेल्या सोबत्यांकडे पाहिलें आणि मग तो धांवला. हें वाचतांना मला पुन्हां तो दहा माणसांचा नाईक आठवतो.

हल्लींच्या भरतीविषयीं थोडेंच लिहितों. कारण तिचे नियम छापील मिळतात. भारतांत सैन्यभरती स्वेच्छेची आहे, सक्ती नाहीं. १४ जून २०२२ रोजीं जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनें साधा शिपाई ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठीं घेतला जाऊं लागला. वयाची मर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी ठरली. आधीं संगणकावर लेखी परीक्षा, मग सोळाशें मीटरची दौड, बीमवर अंग वर खेंचणें, नऊ फुटांचा खड्डा ओलांडणें, वैद्यकीय तपासणी. योजना निघाली तेव्हां पहिल्या वर्षाचा पगार महिना तीस हजार ठरला. त्यांतील तीस टक्के कापून व सरकारनें तितकीच भर घालून चार वर्षांअखेर व्याजासह सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये हातीं यावेत अशी आंखणी होती. मृत्यु आल्यास ४८ लाखांचा विमा ठेवला. चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत लोकांस पुढें कायम ठेवावयाचें, बाकीच्यांनीं घरीं यावयाचें. त्यांस पेन्शन नाहीं. योजनेचे समर्थक म्हणतात सैन्य तरुण राहील. विरोधक म्हणतात चार वर्षांत पलटणीशीं जीव जडत नाहीं. मजसारख्या शाळामास्तरानें यावर निकाल देऊं नये. पण सभासदाच्या बखरींतील निम्म्या वेतनाची ओळ एकदां वाचल्यावर असल्या नियमांचें शेवटचें पान आधीं उलटून पाहण्याची संवय लागते, हें मात्र खरें.

ज्या विद्यार्थ्यानें प्रथम प्रश्न विचारला, त्याचा थोरला भाऊ रोज पहाटे खोपोलीच्या रस्त्यावर धांवतो. दिवाळीच्या सुटींत त्यांचे वडील मजकडे आले. शेती दोन एकर, भात हें एकच पीक, आणि मुलाचें मन पलटणींत. “सर, तुम्ही जाऊं नको म्हणून सांगा,” असें ते म्हणतील असें मला वाटलें होतें. ते तसें म्हणाले नाहींत. त्यांनीं खिशांतून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर मुलानें जाहिरातींतील माहिती उतरून घेतली होती: वय, उंची, छाती, दौडीची वेळ. ते म्हणाले, “यांत पोरानें काय द्यायचें तें सगळं लिवलंय. त्याला काय मिळायचं तें कुठं दिसत नाय.” आम्ही ओसरीवर बसून तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूस त्यांचे प्रश्न एकेक करून लिहिले. चार वर्षांनीं परत आला तर कोणती नोकरी. हात-पाय गेला तर किती, आणि तें कोण ठरविणार. पगाराचा भाग घरीं पाठवितां येतो कीं नाहीं. ज्या पलटणींत घालतील, तींत आपल्या भागांतील कोणी आहे काय. एकूण नऊ प्रश्न झाले. नववा त्यांच्या पत्नीनें आंतून सांगून पाठविला होता, तो असा कीं, पहिली सुटी केव्हां.

तो कागद घेऊन बापलेक येत्या भरतीच्या वेळीं कचेरींत जाणार आहेत.